कुपीवरचा जांभळा चौकोन

दूध नासलं की नाकाला कळतं. उष्णतेनं निकामी झालेला पोलिओचा थेंब मात्र चांगल्या थेंबासारखाच दिसतो. मग सातपुड्यातल्या पाड्यावर पोचलेल्या आरोग्यसेविकेनं कसं ओळखायचं, की हातातली कुपी वाटेत तापली होती?

उत्तर कुपीवरच चिकटवलेलं असतं. जांभळं वर्तुळ आणि त्याच्या पोटात फिकट चौकोन. 'व्हीव्हीएम' म्हणतात त्याला. पोलिओच्या कुप्यांवर तो १९९६ साली आला. चौकोनातलं रसायन उष्णतेनं हळूहळू गडद होत जातं आणि पुन्हा कधीच फिकं होत नाही, कुपी नंतर कितीही गार करा. सकाळी गाडीत लागलेली ऊब, दुपारी ओसरीवर लागलेली ऊब, सगळ्याची बेरीज तो करत राहतो. त्याचा रंग वर्तुळाइतका झाला की कुपी बाद! त्यातही लस पाहून रसायन ठरतं: ३७ अंशांत पोलिओचा चौकोन साधारण २ दिवसांत बाद ठरतो, जास्त टिकाऊ अशा काही लसींचा ३० दिवसांत. ना बॅटरी, ना काटा. इतकं साधं आणि इतकं सच्चं उपकरण मला दुसरं ठाऊक नाही.

गोठण्याबद्दल मात्र तो काहीच सांगत नाही. पेंटाव्हॅलंट, टीडी या लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. लस गोठली की ते कण एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावरही सुटत नाहीत. म्हणून आइसपॅक फ्रीजरमधून थेट लस नेण्याच्या कॅरियरमध्ये जात नाही. बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच जातो.

बीसीजी आणि गोवर-रुबेला या भुकटीच्या लसी. द्रावक मिसळलं की त्यात जंतू वाढू शकतात, म्हणून आपल्याकडे ४ तासांनंतर उरलेले डोस टाकून देतात. मिसळल्याची वेळ कुपीवर पेनानं लिहितात, कारण तेवढीच खूण उरते. या कुप्यांचा चौकोन मुद्दाम टोपणावर किंवा मानेवर असतो: कुपी उघडली की त्याचं काम संपलं.

बाळाला लसीला न्याल तेव्हा तो चौकोन बघायला मागा, कार्डावर लसीपुढे तारीख लिहिली आहे ना ते पाहा, आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा.