द गार्डियनचे डिजिटल स्थित्यंतर

द गार्डियन हे लंडनहून प्रसिद्ध होणारे इंग्रजी दैनिक १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून छापील वृत्तपत्राकडून मुख्यतः आंतरजालावर वाचल्या जाणाऱ्या वृत्तमाध्यमाकडे वळत गेले. या काळात छापील जाहिरातींचे उत्पन्न ओसरले आणि खप घटला. तरीही संकेतस्थळावरील बातम्या सर्वांना विनामूल्य वाचता याव्यात, हे धोरण पत्राने सोडले नाही. त्याचा खर्च आधी न्यासाच्या गंगाजळीतून आणि पुढे वाढत्या प्रमाणात वाचकांच्या ऐच्छिक अर्थसाहाय्यातून भागवला गेला. पत्रकारितेचा दर्जा टिकवणे हा संपादकीय कौशल्याचा प्रश्न आहेच, पण मालकी कोणाची आणि पैसा कोणाचा यांवरही तो तितकाच अवलंबून असतो, हे गार्डियनच्या उदाहरणात विशेष स्पष्टपणे दिसते.

मालकी आणि स्कॉट न्यास

हे पत्र १८२१ साली जॉन एडवर्ड टेलर या कापूस व्यापाऱ्याने मँचेस्टर येथे ‘मँचेस्टर गार्डियन’ या नावाने सुरू केले. दोन वर्षांपूर्वी त्याच शहरात संसदीय सुधारणांची मागणी करणाऱ्या जमावावर घोडदळ घातले गेले होते. पीटरलूचे हत्याकांड म्हणून ओळखली जाणारी ही घटना पत्राच्या स्थापनेमागची पार्श्वभूमी होती. १८५५ पासून ते दैनिक झाले. सी. पी. स्कॉट हे १८७२ ते १९२९ अशी ५७ वर्षे त्याचे संपादक होते आणि १९०७ पासून मालकही होते. पत्राच्या शताब्दीनिमित्त १९२१ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी मताचे स्वातंत्र्य आणि वस्तुस्थितीचे पावित्र्य यांतील भेद मांडला. इंग्रजी पत्रकारितेत तो आजही आधारभूत मानला जातो.

१९३२ साली चार महिन्यांच्या आत सी. पी. स्कॉट आणि त्यांचे पुत्र व उत्तराधिकारी संपादक एडवर्ड यांचा मृत्यू झाला. मालकी दुसरे पुत्र जॉन यांच्याकडे आली. त्यांच्या पश्चात मृत्युकर भरण्यासाठी पत्र विकावे लागेल, अशी भीती होती. म्हणून १९३६ साली जॉन स्कॉट यांनी पत्रावरील आपला आर्थिक हक्क सोडून तो एका न्यासाकडे दिला. नफा भागधारकांना न वाटता पत्रकारितेतच गुंतवावा आणि गार्डियनचे आर्थिक व संपादकीय स्वातंत्र्य कायम राखावे, हा या स्कॉट न्यासाचा हेतू होता. २००८ मध्ये न्यासाचे रूपांतर कंपनीत झाले, परंतु उद्दिष्ट तेच राहिले. न्यासाच्या मालकीचे वृत्तपत्र ही कल्पना भारतातही अपरिचित नाही. पुण्याचा ‘केसरी’ केसरी-मराठा न्यासाकडून, तर चंडीगढचे ‘द ट्रिब्यून’ त्याच नावाच्या न्यासाकडून चालवले जाते.

न्यास असला म्हणजे पैसा आपोआप येतो असे नाही. गार्डियन स्वतःच्या बळावर क्वचितच नफ्यात राहिले. अनेक दशके त्याचा तोटा ‘मँचेस्टर इव्हनिंग न्यूज’ या भगिनीपत्राच्या कमाईतून भरून निघत असे. १९६० च्या दशकाच्या मध्यास परिस्थिती इतकी बिकट झाली की ‘द टाइम्स’मध्ये विलीन होण्याचा प्रस्तावही चर्चेत आला होता. पुढे हा भार ‘ऑटो ट्रेडर’ने उचलला. जुन्या मोटारींच्या जाहिरातींचे हे साप्ताहिक क्रमाने संकेतस्थळात रूपांतरित झाले आणि २०१३ मध्ये त्याची छापील आवृत्ती बंद झाली. छोट्या जाहिराती आंतरजालावर निघून गेल्याने बहुतेक दैनिकांचा कणा मोडला. गार्डियनचा समूह मात्र त्या जाहिराती जिथे गेल्या, अशाच एका संकेतस्थळाचा भागीदार होता. २०१४ मध्ये यातील आपला ५०.१ टक्के हिस्सा समूहाने ६० कोटी पौंडांहून अधिक किमतीस विकला. त्यानंतरच्या वर्षांतील तोटा सोसता आला तो प्रामुख्याने या रकमेमुळे.

छापील अर्थकारणाचा ऱ्हास

गार्डियनच्या छापील आवृत्तीचे उत्पन्न नोकरीविषयक जाहिरातींवर बरेच अवलंबून होते. सोमवारी माध्यमे, मंगळवारी शिक्षण, बुधवारी समाजसेवा अशा विषयवार पुरवण्यांत सार्वजनिक क्षेत्रातील पदांच्या जाहिराती पानेच्या पाने भरून येत. या जाहिराती संकेतस्थळांवर गेल्यावर पुरवण्यांचा आर्थिक आधार नाहीसा झाला. संकेतस्थळावर वाचक कितीतरी पटींनी वाढले, परंतु त्यांच्यामागे मिळणारा जाहिरातीचा पैसा छापील वाचकाच्या तुलनेत नगण्य होता. त्यातील मोठा वाटा शोधयंत्रे व समाजमाध्यमे चालवणाऱ्या कंपन्यांकडे जाऊ लागला.

या बदलाचा वेग किती चुकीचा जोखला गेला, याचे ठळक उदाहरण मुद्रणयंत्रांचे आहे. सप्टेंबर २००५ मध्ये पत्राने बर्लिनर हा मध्यम आकार स्वीकारला. त्यासाठी सुमारे ८ कोटी पौंड खर्चून खास यंत्रे बसवण्यात आली. जेमतेम बारा वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, खर्च वाचवण्यासाठी पत्र टॅब्लॉइड आकारात आले, छपाई बाहेरच्या कंपनीकडे सोपवण्यात आली आणि ती यंत्रे निकामी ठरली. विसाव्या शतकाच्या अखेरीस चार लाखांच्या आसपास असलेला दैनंदिन खप जुलै २०२१ मध्ये सुमारे १ लाख ५ हजारांवर आला. त्यानंतर पत्राने खपाचे अधिकृत आकडे प्रसिद्ध करणे थांबवले.

खुल्या प्रवेशाचे धोरण

‘गार्डियन अनलिमिटेड’ हे संकेतस्थळ १९९९ मध्ये सुरू झाले. बातमी छापील अंकासाठी राखून न ठेवता आधी संकेतस्थळावर द्यावी, असे २००६ मध्ये ठरले. २०११ मध्ये डिजिटल आवृत्तीला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर झाले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे अमेरिकी आवृत्तीचे कार्यालय उघडले. लंडनच्या ‘द टाइम्स’ने जुलै २०१० मध्ये आणि ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०११ मध्ये वाचकांकडून वर्गणी घेण्यास प्रारंभ केला, तेव्हा गार्डियनचे तत्कालीन संपादक अ‍ॅलन रसब्रिजर यांनी या मार्गास विरोध केला. वर्गणीच्या कुंपणाआड गेलेली बातमी सार्वजनिक चर्चेतून बाहेर पडते, असे त्यांचे म्हणणे होते. टीकाकारांच्या मते ही भूमिका न्यासाच्या गंगाजळीमुळेच परवडणारी होती, आणि या आक्षेपात बरेच तथ्य आहे. ज्यांच्यामागे असा न्यास नव्हता, त्या दैनिकांना हा पर्याय फार काळ खुला नव्हता.

शोधपत्रकारिता

दर्जेदार पत्रकारितेस लागणारा वेळ आणि पैसा म्हणजे नेमके काय, हे फोन हॅकिंग प्रकरणातून समजते. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकाच्या मूळ कंपनीने व्हॉइसमेल चोरून ऐकल्याच्या तक्रारी मोठ्या रकमा देऊन गुपचूप मिटवल्याची बातमी निक डेव्हिस यांनी जुलै २००९ मध्ये दिली. पोलिसांनी नव्याने तपास करण्यास नकार दिला. ब्रिटिश वृत्तपत्रांच्या तत्कालीन स्वयंनियामक आयोगाने तर नोव्हेंबर २००९ मध्ये गार्डियनच्या वृत्तांतावरच शंका घेतली. इतर ब्रिटिश दैनिकांनी विषय फारसा उचलला नाही. एकाकी पडलेल्या रसब्रिजर यांनी ‘द न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकांना या प्रकरणात लक्ष घालण्याची विनंती केली आणि २०१० मध्ये त्या दैनिकाचा स्वतंत्र वृत्तांत आला. हत्या झालेल्या एका शाळकरी मुलीचा व्हॉइसमेलही ऐकला गेल्याचे वृत्त जुलै २०११ मध्ये प्रसिद्ध होताच जनक्षोभ उसळला. १६८ वर्षे चाललेले ते साप्ताहिक त्याच महिन्यात बंद झाले आणि माध्यमांच्या आचरणाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेव्हसन यांची नियुक्ती झाली. पहिल्या बातमीपासून या टप्प्यापर्यंत दोन वर्षे लागली. वाचनसंख्येवर दररोज हिशोब मांडला असता, तर हा विषय मध्येच सुटला असता.

एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांवरील वृत्तमालिका जून २०१३ मध्ये सुरू झाली. अमेरिकी राष्ट्रीय सुरक्षा संस्था आणि तिची ब्रिटिश सहयोगी संस्था यांच्या व्यापक पाळतीची माहिती तीत होती. ब्रिटिश सरकारच्या दबावानंतर २० जुलै २०१३ रोजी लंडन कार्यालयाच्या तळघरात गुप्तवार्ता तंत्रज्ञांच्या देखरेखीखाली संबंधित संगणकांचे भाग फोडून नष्ट करण्यात आले. कागदपत्रांच्या प्रती अन्य देशांत असल्याने मालिका थांबली नाही; पुढील काम न्यूयॉर्कहून झाले. त्यामुळे तेथील कार्यालय हे केवळ व्यापारविस्ताराचे साधन राहिले नाही. ब्रिटनपेक्षा अधिक भक्कम घटनात्मक संरक्षणाखाली काम करण्याची सोय त्यामुळे झाली. या वृत्तांकनासाठी गार्डियनची अमेरिकी आवृत्ती आणि ‘द वॉशिंग्टन पोस्ट’ यांना २०१४ चा सार्वजनिक सेवेसाठीचा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

मोठ्या गळतीच्या कागदपत्रांवर अनेक देशांतील माध्यमांनी मिळून काम करण्याची पद्धतही याच काळात रुळली. २०१६ च्या पनामा पेपर्सवरील कामात गार्डियन सहभागी होते. अमेलिया जेंटलमन यांनी २०१७ पासून केलेले विंडरश प्रकरणाचे वृत्तांकन मात्र जुन्या पद्धतीचे होते. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या आणि दशकानुदशके ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या वृद्धांना बेकायदा स्थलांतरित ठरवले जात असल्याचे त्यांनी एकेका व्यक्तीची कहाणी तपासून मांडले. एप्रिल २०१८ मध्ये गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला.

चुकांची दुरुस्ती आणि वाचक-संपादक

मुद्रणदोषांसाठी गार्डियन इतके प्रसिद्ध होते की ‘प्रायव्हेट आय’ या उपहासात्मक नियतकालिकाने त्याच्या नावातील अक्षरे उलटसुलट करून ‘ग्रॉनियड’ असे टोपणनाव पाडले. १९९७ मध्ये पत्राने इयन मेज यांची वाचक-संपादक म्हणून नेमणूक केली. ब्रिटिश राष्ट्रीय दैनिकांत हे स्वतंत्र पद प्रथमच निर्माण झाले. वाचकांच्या तक्रारी तपासणे आणि दुरुस्त्यांचे दैनिक सदर चालवणे हे त्याचे काम असते. संपादक त्याला पदावरून दूर करू शकत नाही. तो अधिकार केवळ न्यासाला आहे.

छापील अंकातील चूक दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. संकेतस्थळावरील चूक मात्र शोधयंत्रात वर्षानुवर्षे सापडत राहते. त्यामुळे डिजिटल काळात या पदाचे महत्त्व वाढले. मूळ मजकूर गुपचूप न बदलता काय बदलले, हे तारखेसह लेखाखाली नोंदवण्याची पद्धत रूढ झाली. फोन हॅकिंग प्रकरणातही तिचा कस लागला. त्या मुलीचे संदेश साप्ताहिकाच्या लोकांनी पुसून टाकल्याने तिच्या कुटुंबाला ती जिवंत असल्याची खोटी आशा वाटली, असे मूळ वृत्तात म्हटले होते. नव्या पुराव्यानुसार तसे घडले नसण्याची शक्यता असल्याचे डिसेंबर २०११ मध्ये पत्राने जाहीर केले. पत्राला सर्वाधिक यश देणाऱ्या बातमीतीलच हा तपशील होता. प्रतिस्पर्ध्यांनी या दुरुस्तीचे भांडवल केले. व्हॉइसमेल ऐकला गेला होता, हा मुख्य मुद्दा मात्र कायम राहिला.

बातमी खरी असूनही दिशाभूल होऊ शकते, हा धोका आंतरजालाने निर्माण केला. २०१९ च्या सुरुवातीस घोड्याच्या मांसाच्या भेसळीविषयीची २०१३ मधील एक बातमी समाजमाध्यमांवर ताजी म्हणून पसरू लागली. त्यानंतर जुन्या लेखांच्या शिरोभागी त्यांचे वय ठळकपणे दाखवण्यास आणि समाजमाध्यमांवर दिसणाऱ्या चित्रावरही वर्ष छापण्यास सुरुवात झाली.

वाचकांचे अर्थसाहाय्य

२०१५ मध्ये कॅथरिन व्हायनर संपादक झाल्या. या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. २०१५-१६ या वर्षात समूहाला सुमारे ६.९ कोटी पौंडांचा तोटा झाला आणि तीन वर्षांत खर्च २० टक्क्यांनी कमी करण्याची योजना जाहीर झाली. त्याच सुमारास लेखांच्या तळाशी वाचकांना मदतीचे आवाहन करणारा मजकूर दिसू लागला. तीन वर्षांत जगभरातील दहा लाखांहून अधिक वाचकांनी वर्गणी, सदस्यत्व किंवा एकरकमी देणगीच्या रूपाने साहाय्य केले. पैसे न देणाऱ्यासही तीच बातमी वाचता येते, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य होय. वाचक स्वतःसाठी प्रवेश विकत घेत नाही, तर इतरांसाठीही तो खुला ठेवतो. २०१८-१९ मध्ये समूहाने सुमारे ८ लाख पौंडांचा कार्यात्मक नफा दाखवला. दोन दशकांनंतर जमाखर्चाची तोंडमिळवणी झालेले हे पहिलेच वर्ष होते.

जाहिरातींवरील अवलंबन कमी झाल्याने काही जाहिराती नाकारणेही शक्य झाले. जानेवारी २०२० मध्ये खनिज तेल व वायू उत्खनन करणाऱ्या कंपन्यांच्या आणि जून २०२३ मध्ये जुगाराच्या जाहिराती बंद करण्यात आल्या.

टीका आणि मर्यादा

हे प्रारूप इतरांना कितपत उपयोगी आहे, याविषयी मतभेद आहेत. इंग्रजी भाषेमुळे गार्डियनला जगभर वाचक मिळतात. मराठीसारख्या भाषेतील दैनिकाला किंवा एखाद्या जिल्ह्यापुरत्या पत्राला देणगीदारांचा असा पाया लाभणे कठीण आहे. ऐच्छिक मदत करणारे वाचक बहुधा पत्राच्या उदारमतवादी भूमिकेशी सहमत असतात. त्यामुळे त्यांना न रुचणारी बातमी देण्याचे धैर्य टिकेल का, हाही प्रश्न विचारला जातो. जाहिरातदाराचा दबाव निदान ओळखता येतो. आवडत्या वाचकाचा दबाव ओळखणे अवघड असते.

नफ्याचे वर्षही अपवादच ठरले. करोना साथीच्या काळात, जुलै २०२० मध्ये, १८० पदे कमी करण्याचे प्रस्तावित झाले. त्यांपैकी सुमारे ७० संपादकीय विभागातील होती, आणि शनिवारच्या अनेक पुरवण्या बंद झाल्या. न्यासाची गंगाजळी १.२ अब्ज पौंडांहून अधिक असली, तरी २०२३-२४ मध्ये समूहाच्या जमेपेक्षा खर्च सुमारे ३.६ कोटी पौंडांनी जास्त होता.

सर्वांत तीव्र वाद ‘द ऑब्झर्व्हर’च्या विक्रीवरून झाला. १७९१ साली सुरू झालेले हे रविवारचे पत्र १९९३ पासून समूहाकडे होते. ते टॉर्टस मीडिया या नव्या कंपनीस विकण्याच्या प्रस्तावाविरुद्ध डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही पत्रांच्या पत्रकारांनी ४८ तासांचे संप केले. पत्रकारितेच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या न्यासानेच एक जुने पत्र सोडून द्यावे, हा विश्वासघात असल्याचे त्यांचे म्हणणे होते. डिजिटल काळात ऑब्झर्व्हरला स्वतंत्र अस्तित्व आणि नवी गुंतवणूक हवी, अशी व्यवस्थापनाची बाजू होती. व्यवहार पूर्ण होऊन एप्रिल २०२५ मध्ये पत्र नव्या मालकांकडे गेले. स्कॉट न्यासाने त्यात अल्प भागीदारी राखली आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये समूहाने ओपनएआय या कंपनीशी करार केला. त्यानुसार चॅटजीपीटीच्या उत्तरांत गार्डियनचा मजकूर श्रेयनिर्देशासह वापरता येतो.