मुलाच्या मनाची भाषा

परीक्षेत खचलेल्या मुलांबद्दल समाज हळहळतो; परंतु त्यांच्या भयाचे मूळ पुष्कळदा शाळेच्या पहिल्याच दिवशी रुजलेले असते. परकी भाषा कानी पडताच मूल गप्प होते, आणि गप्प मुलाचे दुःख कोणास कळत नाही. निजामी राजवटीतील आदिलाबाद जिल्ह्यात हे ओळखले गेले होते. १९४३ साली मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मारलवाई येथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्यात आले. गोंडी वाचनपुस्तकांसाठी देवनागरी लिपी स्वीकारली गेली.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात, शक्यतो मातृभाषेतून शिक्षण आणि मुलाची भयापासून मुक्तता, ही दोन सूत्रे लागोपाठ आली आहेत. १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे. परंतु कायदा घराचा उंबरठा ओलांडत नाही. आपल्या किनारपट्टीवर घरातही मुलांना इंग्रजीतच बोलावयास लावणारे पालक थोडे नाहीत. गुणपत्रिका मागण्यापूर्वी ‘आजचा दिवस कसा गेला?’ हे त्यांनी मुलाला त्याच्याच बोलीत विचारावे. आणि शिक्षकांनी गप्प मुलाला मठ्ठ ठरविण्याची घाई करू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.