बेक यांचे दोन वारसे

मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक १ नोव्हेंबर २०२१ रोजी, वयाची शंभरी गाठून निवर्तले, तेव्हापासून एक गोष्ट मनाला डाचत आहे: खिन्नता मोजण्यासाठी त्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेली एकवीस कलमांची प्रश्नावली आणि रुग्णाला स्वतःच्याच विचारांची शहानिशा करावयास लावणारी त्यांची प्रश्नपद्धती, या दोन वारशांपैकी आपण पहिला तेवढा आपल्या नावे दाखल करून घेतला. आज समुपदेशकाचे तोंड दिसण्यापूर्वीच कुठली तरी प्रश्नावली मोबाईलवर येऊन थडकते, आणि तिची बेरीज हीच माणसाची कैफियत समजली जाते.

प्रश्न विचारण्याच्या या दुसऱ्या वारशाकडे वळताना साठ-सत्तरच्या वर्षांविषयी लिहिण्याचा मला उत्साह नाही; मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या असामान्य श्रवणशक्तीतून त्यांच्या बहुतेक अनुयायांनी रुग्णाचे वाक्य त्यालाच परत ऐकवण्याचा शिरस्ता तेवढा उचलला. खरा बहर आला तो ऐंशीच्या दशकात, जेव्हा मी या व्यवसायात उमेदवारी करीत होतो. १९८० साली मिलानच्या कुटुंबोपचारक मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांचे तीन सहकारी यांचा कुटुंबाच्या मुलाखतीविषयीचा लेख प्रसिद्ध झाला, आणि आईच्या खिन्नतेविषयी आईला न विचारता, 'ती गप्प झाली की आधी कोणाच्या ध्यानी येते, बाबांच्या की दादाच्या?' असे मुलीला विचारले असता सगळे घर कसे सावरून बसते, हे आम्हांला उमगले. अमेरिकेतल्या मिलवॉकीत इन्सू किम बर्ग आणि स्टीव्ह डी शेझर हे उपचारक रुग्णाला विचारीत, की रात्री झोपेत चमत्कार होऊन तुमची अडचण नाहीशी झाली, तर सकाळी ते तुम्हांला कशावरून कळेल? दुःखाचाच पाढा वाचणारा मनुष्य मग 'बायकोने हाक मारली तर ओ देईन' असल्या, उद्याच करता येण्याजोग्या गोष्टीपाशी येऊन पोहोचे.

आमच्याकडे मात्र एका नामांकित शिक्षकांनी (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) बेक यांच्या प्रश्नपद्धतीला जोडल्या जाणाऱ्या सॉक्रेटिसाच्या नावाखाली शुद्ध उलटतपासणी शिकवली: उत्तर आधीच खिशात, आणि रुग्णाने कबुलीजबाब दिला की मुकदमा निकाली. १९९३ साली लंडनमधल्या एका भाषणात मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन पडेस्की यांनी, समोरच्याचे मत बदलवणे वेगळे आणि त्याच्या शोधाला वाट दाखवणे वेगळे, असा भेद मांडला; तो वाचून मला झालेला आनंद निव्वळ सात्त्विक होता असे म्हणवत नाही.

तरुण समुपदेशकांना एवढीच विनंती आहे, की प्रश्नावली खुशाल भरून घ्यावी, परंतु दप्तरी लावण्यापूर्वी तिच्यातल्या एखाद्या उत्तरावर बोट ठेवून, 'हे केव्हापासून?' एवढे तरी समोर बसून विचारावे.