संतांच्या सणाची तारीख ठरते कशी?

आजचा एपिसोड छोटा आहे, लोकलच्या दोन-तीन स्टेशनांत संपेल.

माझं काम कोड लिहायचं, आणि त्यात सगळ्यात जास्त छळतात त्या तारखा. त्यामुळे कॅथोलिक कॅलेंडर बघताना पहिला प्रश्न हाच पडला की अमक्या संताचा सण त्याच दिवशी का?

नियम तसा सोपा आहे. सण बहुतेक वेळा मृत्यूच्या दिवशी असतो, कारण चर्चच्या दृष्टीने तो स्वर्गातला जन्मदिवस. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनजवळच्या शांगचुआन बेटावर वारले. जुन्या गोव्यातलं फेस्त आजही ३ डिसेंबरलाच असतं.

आता एज केस बघू.

स्पेनच्या संत तेरेसा ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री वारल्या. नेमकं त्याच रात्री जुनं कॅलेंडर बंद झालं आणि ग्रेगोरियन सुरू झालं. म्हणजे ४ तारखेनंतर उजाडली थेट १५! मधले १० दिवस गायब. म्हणून त्यांचा सण १५ ऑक्टोबरला.

दुसरी केस आपल्या वसईची आहे. संत गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. तरुणपणी ते जेझुइटांबरोबर जपानला गेले आणि तिथली भाषा शिकले. पुढे व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. ते फादर नव्हते. १५९३ मध्ये पुन्हा जपानला गेले ते पेद्रो बाउतिस्ता या धर्मगुरूंचे दुभाषी म्हणून. हिदेयोशीसारख्या सत्ताधीशासमोर दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून मांडायचं, म्हणजे जोखीम बघा!

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं आणि हिदेयोशीचा मिशनऱ्यांवरचा संशय बळावला. पकडलेल्यांना भर थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. ६ फ्रान्सिस्कन, ३ जेझुइट आणि १७ साधे जपानी ख्रिस्ती.

मग सण ५ ला हवा ना? पण ती तारीख संत अगाथा यांच्या नावावर आधीच बुक होती. म्हणून चर्चच्या जागतिक कॅलेंडरमध्ये हा सण ६ फेब्रुवारीला आहे.

आणि तिथे नाव दिसतं ‘संत पॉल मिकी आणि सोबती’. गोन्सालो त्या ‘सोबती’मध्ये. १६२७ मध्ये त्यांना धन्य घोषित केलं, संतपद मिळालं १८६२ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर २६५ वर्षांनी. तरीही कॅलेंडर ॲपमध्ये त्यांचं नाव सर्च केलंत तर कदाचित काहीच सापडणार नाही.

तेव्हा ६ फेब्रुवारीला ‘सोबती’ हा शब्द दिसला की लक्षात ठेवा, त्यात एक वसईकर आहे.

तुमच्या गावच्या चर्चचा सण कधी असतो? कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!