गुन्हा लपवू नका, कर्ज थकवू नका!

लेखी परीक्षा पास, मैदानी चाचणी पास, निवड यादीत नाव. वस्तीत फटाके वाजतात, आई विहारात जाऊन मेणबत्ती लावते. आणि मग पत्र येते की चारित्र्य पडताळणीत माहिती दडविल्याचे आढळल्याने निवड रद्द करण्यात येत आहे. असे पत्र हातात घेऊन आलेले आपले तरुण आम्ही वकिलीत पाहत आलो आहोत. त्यातले कितीतरी चोर नव्हेत, गुंड नव्हेत. मोर्चात घोषणा देताना जमावबंदी मोडली, रस्ता अडवला, एवढाच त्यांचा गुन्हा!

१ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला आपल्या माणसांवर हल्ला झाला आणि ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. त्यानंतर राज्यभर गुन्हे नोंदले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतल्याचे सांगितले. पण मंत्र्याने घोषणा केली म्हणजे खटला संपला असे नाही. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो, न्यायालयाने संमती द्यावी लागते. तो आदेश होईपर्यंत नाव दप्तरी राहते.

सरकारी नोकरीत रुजू होताना साक्षांकन नमुना भरावा लागतो. कधी अटक झाली होती काय, खटला चालला काय, शिक्षा किंवा दंड झाला काय, असे प्रश्न त्यात असतात. आपला मुलगा म्हणतो, "मी तर निर्दोष सुटलो," आणि 'नाही' लिहितो. इथेच घात होतो. 'कधी खटला चालला काय' या प्रश्नाचे उत्तर निर्दोष सुटल्यावरही 'होय' असेच असते. मग गुन्हा बाजूला राहतो आणि खोटी माहिती दिली हाच मोठा दोष ठरतो.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात दिलेला निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने माहीत करून घ्यावा. माहिती खरीच द्यावी लागेल, असे न्यायालयाने बजावले. मात्र तरुण वयात घोषणा देणे यासारखा किरकोळ गुन्हा दडवला गेला, तर नियुक्ती अधिकारी ती चूक माफ करू शकतो, असेही सांगितले. २०२२ च्या पवन कुमार प्रकरणात, केवळ माहिती दडवली एवढ्यावरून मनमानीने कुणाला काढता येणार नाही, असे ठरले. पण खरे सांगितले म्हणजे नोकरी हमखास, असेही नाही. पूर्वचारित्र्य तपासण्याचा मालकाचा अधिकार कायम आहे. तरीही खरे सांगणाऱ्याची बाजू आम्हाला न्यायालयात ताठ मानेने मांडता येते.

आता दुसरा फास कर्जाचा. बँकांच्या नोकरभरतीत उमेदवाराचा कर्जफेडीचा इतिहास पाहिला जातो. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा कारणावरून एक नियुक्ती रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय कायम ठेवला. सगळी कर्जे फेडली आहेत, असे त्या उमेदवाराचे म्हणणे होते, ते उपयोगी पडले नाही. नोकरीत शिरल्यावरही सुटका नाही. केंद्रीय सेवा वर्तणूक नियम, १९६४ चा नियम १७ सांगतो की कर्मचाऱ्याने कायमचे कर्जबाजारीपण टाळावे.

आमचा सवाल आहे, ज्याच्या बापाकडे जमीन नाही, त्याने शिकायला कर्ज काढले आणि नोकरी नसल्याने हप्ता चुकला, तर तो चारित्र्यहीन कसा? नोकरी नाही म्हणून हप्ता थकतो आणि हप्ता थकला म्हणून नोकरी नाही! हा गरिबीलाच गुन्हा ठरवणारा न्याय आहे. त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण लढा चालू असताना आपल्या मुलाचे नुकसान होऊ देणे शहाणपणाचे नाही.

म्हणून सांगतो. मोबाईलवरची झटपट कर्जे घेऊ नका. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहताना दहादा विचार करा, कारण त्याची थकबाकी तुमच्याही नावावर दिसते. तडजोडीने कर्ज मिटवले तर नोंद 'सेटल्ड' अशी राहते, म्हणून शक्यतो पूर्ण फेडून बेबाकी दाखला घ्या. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा अहवाल मोफत मिळतो, तो मागवा. चूक असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही तर दररोज शंभर रुपये भरपाईचा नियम आहे.

आणि शेवटी नेत्यांना, म्हणजे आम्हा सर्वांनाच एक प्रश्न. मोर्चाची हाक आपण देतो, भाषण करून गाडीत बसून निघून जातो. मागे राहिलेल्या पोरांच्या तारखांना कोण जाते? ज्या संघटनेने हाक दिली तिने आरोपींची यादी ठेवावी, वकील द्यावा, खटला निकाली निघेपर्यंत पाठ सोडू नये. निकालाची प्रत पोराच्या हाती द्यावी. हे काम जयंतीच्या वर्गणीतून होऊ शकते.

बाबासाहेबांनी शासनकर्ती जमात व्हायला सांगितले. त्यासाठी रस्त्यावर उतरावेच लागेल. पण आपण पंचशील घेतो, त्यात खोटे न बोलण्याचे शील आहे. साक्षांकन नमुना भरतानाही ते पाळा. संघर्ष केल्याची लाज कशाला? तो लिहा, अभिमानाने लिहा. जय भीम!