नाकातली कात्री

मराठवाड्यातल्या घरात ठेचा होत असेल तर ते शेजाऱ्यांना सांगावे लागत नाही. तव्यावर मिरच्या पडल्या की पहिला ठसका सुनेला, दुसरा ओसरीवर पेपर वाचणाऱ्या सासऱ्यांना आणि तिसरा गल्लीतून जाणाऱ्या परक्या माणसाला. शिंका, डोळ्यांत पाणी, वाहणारे नाक! आणि थोड्याच वेळात हीच मंडळी तोच ठेचा भाकरीबरोबर मिटक्या मारीत खात असतात. नाक का वाहू लागले याचे उत्तर कोणीही देईल. ते थांबले कसे, हा प्रश्न मात्र सहसा कोणाला पडत नाही.

मिरचीतले कॅप्सायसिन नाकाच्या अस्तरातल्या मज्जातंतूंची टोके डिवचते. (ते नेमके कुठे बोट ठेवते हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ठेच्याची एवढी थोर दखल आधी कोणी घेतली नव्हती.) डिवचलेली टोके ‘सबस्टन्स पी’ नावाचा निरोप सोडतात. मग बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून पाणी झिरपते, ग्रंथी स्राव ओतू लागतात. हा निरोप म्हणजे एक पेप्टाइड. अमिनो आम्लांचे अकरा मणी ओवलेली छोटीशी माळ म्हणा ना. प्रथिने ही अशीच, पण लांबलचक माळ.

धूर ओसरला तरी सोडलेला निरोप तिथेच पडून राहिला, तर नाक दिवसभर वाहत राहील. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली, त्यामुळे मला इथे चेक आठवतो. पैसे दिले की चेकवर ‘पेड’चा शिक्का मारून तो बाद करायचा, नाहीतर तोच चेक पुन्हा खिडकीवर यायचा. नाकाच्या अस्तरात हे काम विकरे, म्हणजे एन्झाइम्स करतात. न्यूट्रल एन्डोपेप्टिडेज नावाचे विकर माळ मध्येच तोडते. अमिनोपेप्टिडेज एका टोकाकडून एकेक मणी काढते. एसीई नावाचे तिसरे विकर दुसऱ्या टोकाकडून दोन-दोन मणी छाटते. माळ तुटली की निरोप संपला. जपानचे डॉ. ओहकुबो, अमेरिकेचे डॉ. बरानिउक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात माणसाच्या नाकाचे अस्तर तपासून ही विकरे तिथे असल्याचे दाखवले. गिनीपिगांवरच्या प्रयोगांत सिगारेटच्या धुराने यातले पहिले विकर मंदावल्याचे दिसले होते. कात्री बोथट, निरोप मोकाट!

या कात्रीशी अनेक घरांचा रोजचा संबंध येतो, तो रक्तदाबाच्या गोळीमुळे. एनालाप्रिल, रॅमिप्रिल अशा ‘प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्या एसीईलाच आवर घालतात. रक्तदाब उतरतो, हृदयावरचा भार हलका होतो. गोळी फार गुणाची आहे. पण हेच एसीई ब्रॅडिकायनिन नावाची नऊ मण्यांची माळही तोडत असते. कात्री थांबली की ब्रॅडिकायनिन साठते आणि काही जणांना कोरडा खोकला सुरू होतो. आजोबा रात्रभर ढास लागून बसतात, घरातले हळद-दूध, ज्येष्ठमध, मध-आले सगळे करून थकतात, आणि कारण मात्र उशाशी गोळ्यांच्या डबीत असते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे, ते दुसऱ्या जातीची देतात. क्वचित एखाद्याचे ओठ किंवा जीभ सुजते. मग मात्र उद्याची वाट न पाहता तडक दवाखाना गाठायचा.

एसीईचे एक भावंड आहे, एसीई-टू. तेही पेप्टाइडच कातरते आणि तेही नाकाच्या अस्तरात असते. २०२० साली करोनाचा विषाणू पेशीत शिरला तो याच एसीई-टूला धरून. कात्रीच्या पात्याला न लागता त्याने तिची बाहेरची बाजू पकडली. घाटी रुग्णालयात आपल्या नाकात खोलवर काडी फिरवून घेताना हे कोणाच्या डोक्यात असणार! साध्या सर्दीचा एक जुना करोना विषाणू तर अमिनोपेप्टिडेजला धरून आत येतो, हे १९९२ सालीच कळले होते.

आता तपकिरीकडे वळू. तपकिरीची डबी कनवटीला लावणारी आजी एका चिमटीत ताजीतवानी व्हायची, कारण निकोटिनचा रेणू इवलासा. त्यात मणी नाहीत, त्यामुळे कातरण्यासारखे काही नाही; तो अस्तरातून सरळ रक्तात जातो. मग इन्सुलिन असेच का ओढता येऊ नये? आपल्या शहराला हा प्रश्न शोभतो. तेव्हाच्या औरंगाबादच्या बायोटेक पार्कची वोक्हार्ट कंपनी २००३ साली ‘वोसुलिन’ हे यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन घेऊन बाजारात आली. कोणा भारतीय कंपनीने असे इन्सुलिन आणण्याची ती पहिली वेळ. पाहुण्यांना आपण मकबरा दाखवतो, हे सांगत नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि त्यांतल्या इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी सुई रोजची.

नाकाचा विचार जुनाच आहे. इन्सुलिन पहिल्यांदा रुग्णाला टोचले गेले ते १९२२ साली, आणि त्याच वर्षी ते नाकातून देण्याचाही प्रयत्न झाला. जमले नाही. इन्सुलिन एक्कावन्न मण्यांचे; अस्तरातून पार व्हायला फार मोठे. वर शेंबडाचा थर दर पंधरा-वीस मिनिटांनी सारे घशाकडे लोटतो, आणि पार होऊ पाहणाऱ्यावर विकरे तुटून पडतात. आपले कोण, औषध कोणते, हे कात्रीला कळत नाही. पित्तातल्या क्षारांची मदत देऊन इन्सुलिन आत ढकलून पाहिले, तर नाकाची आग होऊ लागली.

एका औषधाने मात्र या कात्रीला झकास चकवले. ज्यांना शरीरातले पाणी धरून ठेवता येत नाही, जे दिवसरात्र पाणी पितात आणि लघवीला जातात, अशा रुग्णांसाठीचे डेस्मोप्रेसिन. मूळ संप्रेरक नऊ मण्यांचे. रसायनशास्त्रज्ञांनी पहिल्या मण्याचा, अमिनोपेप्टिडेज जिथे पकडते तो, अमिनो गट काढून टाकला आणि आठवा मणी आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा बसवला. कात्रीला धरायला टोकच उरले नाही! तरीही नाकात फवारलेल्यातला अगदी थोडा अंश रक्तात पोचतो. सामन माशाच्या कॅल्सिटोनिनचा हाडांसाठीचा फवारा आहे. त्यातले तर इंजेक्शनच्या तुलनेत शंभरातले सुमारे तीनच भाग पोचतात. पण या औषधांची गरज मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणून ही उधळपट्टी परवडते.

इन्सुलिनचे तसे नाही. ते युनिटांत मोजून घ्यायचे असते. थोडे जास्त झाले तर साखर उतरून माणूस घेरी येऊन पडतो, कमी झाले तर साखर चढते. आणि नाक हे काही मापाचे भांडे नव्हे. आज पडसे, उद्या धूळ, परवा फोडणीचा खाट. दर वेळी अस्तराची सूज वेगळी, स्राव वेगळा, आत पोचणारे औषधही वेगळे. म्हणून संशोधकांनी नाकाला वळसा घालून तोंडावाटे फुप्फुसात ओढायची पूड केली. त्यातली एक २००६ साली अमेरिकेत मंजूर झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. दुसरी २०१४ साली आली. भारतात तिला डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली. पण दमेकऱ्यांनी आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तिच्या वाटेला जायचे नाही, आणि दिवसभर पुरणारे इन्सुलिन बऱ्याच जणांना तरीही टोचूनच घ्यावे लागते.