विश्लेषण : क्विंटलभर पऱ्हाटी जाळली, राख उरली पाच किलो, बाकीचे वजन गेले कुठे?

उलंगवाडी झाली की वर्धा जिल्ह्यातील कापूस पट्ट्यात शेत मोकळे करण्याची घाई सुरू होते. नागपूर-वर्धा मार्गावरील केळझर याच पट्ट्यातले. पऱ्हाटी उपटायची, धुऱ्यावर ढीग लावायचा आणि काडी लावायची, हा अनेकांना सोपा वाटणारा मार्ग. थोड्याच वेळात ढीग नाहीसा होतो, राख तेवढी उरते. पण वजनाचा हिशेब मांडला तर काहीही नाहीसे झालेले नसते.

रासायनिक बदल कसा ओळखायचा?

जिनिंगमध्ये क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरते ती बहुतांश सरकी. पदार्थ तेच राहतात, फक्त वेगळे होतात. हा भौतिक बदल. पऱ्हाटी जळताना उष्णता आणि प्रकाश बाहेर पडतो, रंग बदलतो, वायू तयार होतो. मात्र एकच खूण पुरेशी नसते. उकळत्या पाण्यातही बुडबुडे येतात, पण वाफ म्हणजे पाणीच. नवा पदार्थ तयार झाला का, हीच खरी कसोटी.

हिशेब काय सांगतो?

१०० किलो वाळलेल्या पऱ्हाटीत ढोबळमानाने ४५ किलो कार्बन, ६ किलो हायड्रोजन, ४४ किलो ऑक्सिजन आणि ५ किलो खनिजे धरू. ती पूर्ण जळायला हवेतला सुमारे १२४ किलो ऑक्सिजन लागतो. म्हणजे जमेला २२४ किलो. खर्चाच्या बाजूला १६५ किलो कार्बन डायऑक्साइड, ५४ किलो पाण्याची वाफ आणि ५ किलो राख. बेरीज पुन्हा २२४! पऱ्हाटीच्या वजनापेक्षा जास्त वायू हवेत जातो, कारण त्यात हवेतला ऑक्सिजन मिसळलेला असतो.

हाच द्रव्य अक्षय्यतेचा नियम. फ्रेंच शास्त्रज्ञ अंत्वान लव्हाझिए यांनी बंद भांड्यात पदार्थ तापवून, आधी आणि नंतर काटेकोर वजन करून तो पक्का केला. १७८९ च्या ग्रंथात त्यांनी तो मांडला.

घरी कसे तपासता येईल?

शीतपेयाच्या एक लिटरच्या प्लास्टिक बाटलीत अर्धी वाटी लिंबाचा रस घ्या. कागदात गुंडाळलेला छोटा चमचाभर खायचा सोडा आत टाका आणि लगेच घट्ट झाकण लावून वजन करा. फसफसणे थांबल्यावर पुन्हा करा. आकडा तोच राहतो. झाकण हळूच सैल केले की वायू निसटतो आणि वजन एक-दोन ग्रॅमने उतरते. काचेची बाटली वापरू नये, सोडा वाढवू नये आणि मुलांसोबत मोठ्यांनी थांबावे.

शेतकऱ्याचा यात काय संबंध?

पऱ्हाटी जळते तेव्हा तिच्यातला कार्बन आणि बहुतेक नत्र हवेत जाते. पालाश राखेत उरतो. पुढच्या हंगामात तेच नत्र युरियाच्या पोत्यातून विकत आणावे लागते. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी शेतात किंवा धुऱ्यावर ठेवणेही धोक्याचे, कारण उरलेल्या बोंडांत अळी तग धरते. म्हणून यंत्राने बारीक तुकडे करून कंपोस्ट करणे हा मधला मार्ग. कुजतानाही काही कार्बन हवेत जातो, पण बरेचसे अन्नद्रव्य मातीला परत मिळते.

वजन कुठेच जात नाही. ते आपल्या वावरात राहील की हवेत जाईल, एवढेच शेतकऱ्याच्या हाती असते.